कुरीचं चाडं

प्रश्न असा आला आहे: बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना एक लाकडी वाडगा सापडला. बुडाला चार तिरकी भोकं, आत मधोमध टेंगूळ, कड हात लागून लागून गुळगुळीत झालेली. जुन्या वस्तू घेणाऱ्याने 'दिव्याचं स्टँड' म्हणून दोनशे रुपये देऊ केले. घरातल्या म्हाताऱ्या आत्या म्हणाल्या, "अरे, कुरीचं चाडं ते! देऊ नकोस." तर चाडं म्हणजे काय, 'लाज ना चाड' मधल्या चाडेशी त्याचं नातं काय, आणि दर पावसाळ्यात पेपरात येतं ते 'चाड्यावर मूठ' म्हणजे हेच का?

हेच. आत्यांचं ऐका, दोनशे रुपयांना नको म्हणा.

चाडं म्हणजे पेरणीच्या औताचा बी टाकायचा वाडगा. बुडाच्या भोकांत वेळूच्या नळ्या बसवतात, नळ्यांची खालची टोकं एकेका फणामागे उतरतात. बैल पुढे चालतात, फण माती उकरतात, वरून सोडलेलं बी नळीतून घरंगळत त्याच चरीत पडतं. मधलं टेंगूळ सुताराची हौस नव्हे. त्याच्यामुळे बी मधे साठून न राहता भोकांकडे उतरतं. 'चाड' ही स्त्रीलिंगी, जुन्या मराठीत तिचा अर्थ ओढ, गरज, आणि त्यातून पुढे पर्वा. दोघांत आडनावबंधूंइतकंच नातं. संपलं.

आता 'चाड्यावर मूठ'. मृग लागला की मथळा ठरलेला: 'बळीराजाने चाड्यावर मूठ ठेवली'. खाली फोटो ट्रॅक्टरचा. अरे बाबा, ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राला लोखंडी पेटी असते, तिच्यात पोती ओततात, मूठ कुठे ठेवणार? आणि मूठ 'ठेवायची' नसतेच, ती धरायची आणि फिरवायची. मागे एका सूत्रसंचालकाने भर सभेत 'जाड्यावर मूठ' म्हटलं. कोण जाडा आणि त्याच्यावर मूठ कशाला, असं सभेत एकालाही वाटलं नाही. निवडणुका आल्या की 'प्रचाराच्या चाड्यावर मूठ' हेही ऐकून घ्यावं लागतं.

आमचे आज्जा पेरायचे ते मी पाहिलं आहे. डाव्या हाताने रुमणं, म्हणजे औताचा धरायचा दांडा, उजव्या हाताची मूठ चाड्याच्या तोंडावर. मूठ अर्धवट उघडी, अंगठा बी पुढे लोटतोय, बोटांच्या फटींतून दाणे सुटतायत, आणि मनगट गोल फिरतंय, म्हणजे चारी भोकांना सारखं बी. ओटीत बांधलेल्या धोतराच्या सोग्यातून दुसरी मूठ भरून घेताना एक क्षण जरी भोक उपाशी राहिलं, तर तेवढी काकरी मोकळी जाते. त्या दिवशी कळत नाही. पंधरा दिवसांनी भात उगवलं की अख्ख्या गावाला दिसतं. एकदा माझ्या हाती चाडं दिलं, मी भोकांकडे टक लावून बसलो, तर मागून ओरडले, "काय बघूलैस? हात फिरीव हात!" आमच्याकडे भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत बी टाकायचं. तिथे चूक झाकायला चिखलही नसतो.

पण तुमच्या प्रश्नातला खरा ऐवज चाडं नव्हेच. तो आत्यांच्या तोंडून जाता जाता पडलेला शब्द आहे: कुरी.

वर उत्तरेकडे गेलात की या औताला तिफण म्हणतात, कुठे पाभर. तिफण सोपी: तीन फणांची ती तिफण. बेळगाव, खानापूर, चंदगड, कोल्हापूरच्या पट्ट्यात मात्र कुरी. कुठून आली? इथे आपले राजवाडे संप्रदायातले मित्र बाह्या सरसावतात. त्यांना प्रत्येक मराठी शब्दाच्या बुडाशी संस्कृत धातू सापडल्याशिवाय झोप लागत नाही. त्यांचं म्हणणं, 'क्षुरी'वरून कुरी. सुरीसारखी माती कापते म्हणून. छान. पण क्षुरिकेची मराठीत सुरी झाली, क्षुरप्राचं खुरपं झालं. म्हणजे इथे 'क्ष'चा एकदा स झाला, एकदा ख. आता कुरीसाठीच तो 'क' कसा झाला, आणि तोही नेमका कन्नड मुलुखाला चिकटलेल्या तालुक्यांतच का, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. दुसऱ्या टोकाचे लोक तमिळपर्यंत जातात. शेजारच्या घरात विस्तव असताना मदुराईला कशाला जायचं?

शेजारी कन्नड आहे. कन्नडमध्ये पेरणीच्या औताला 'कूरिगे' म्हणतात. किट्टेलच्या 1894 च्या कन्नड-इंग्रजी कोशात तो आहे आणि आजही धारवाडकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या तोंडात आहे. उत्तर कर्नाटकी बोलीत शेवटच्या 'गे'चा 'गी' होतो: कूरिगी, कुरगी. पुढे मराठी जिभेने मधला 'ग' गिळला की कुरी.

आता माझा लाडका तर्क, तो सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. जुन्या कन्नडात 'कूर्' म्हणजे तीक्ष्ण, धारदार; 'कूरंबु' म्हणजे टोकदार बाण. आणि '-इगे' हा प्रत्यय लावून कन्नड अवजारांची नावं घडवते. भाजी चिरायची ती 'ईळिगे', केस विंचरायची ती 'बाचणिगे'. मग 'कूरिगे' म्हणजे टोकदार दातांचं हत्यार! मराठीने तिफणीचं नाव फणांवरून ठेवलं, कन्नडने कुरीचं नाव त्याच फणांच्या टोकांवरून ठेवलं. धारवाडचे माझे एक कन्नड प्राध्यापक मित्र यावर मान हलवतात, म्हणतात की धातू तुम्ही तुमच्या सोयीने जोडलात. जोडला असेन. पण त्यांच्याकडे याहून बरा धातू नाही, आणि मी दोनदा विचारून झालं आहे. (ईळिगे आणि आपली विळी यांच्याबद्दल बोलायला लागलो तर रात्र होईल, म्हणून ती बाजूला.)

आणि गंमत पुढे आहे. कन्नड गावांत 'कूरिगे' हे जमिनीचं मापही आहे. एका कुरीने एका दिवसात पेरून होईल तेवढं रान म्हणजे एक कुरगी. "आमची दोन कुरगी शेती" असं सीमेवरची मराठी माणसंही म्हणतात. मोजणीवाल्यांचा एकर चाळीस गुंठ्यांचा, कुठेही न्या तेवढाच. कुरगी मात्र काळ्या रानात एक, माळावर दुसरी. बैल तरणे असतील तर मोठी, थकलेले असतील तर लहान. औताचं नाव शेताला लागलं, हे मला तरी कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा गोड वाटतं.

याच शब्दाने आमच्या घरात एक भांडण लावलं. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, नंतर हळूहळू कागद कन्नडमध्ये आले. आज्जा आणि त्यांच्या दोन भावांची वाटणी झाली तेव्हा आज्जांनी तोंडी यादी सांगितली: नांगर एक, कुळव एक, कुरी एक. लिहिणारा कारकून कन्नड. आता कन्नडमध्ये 'कुरि', दोन्ही स्वर ऱ्हस्व, म्हणजे मेंढी! औताचा 'कूरिगे' दीर्घ ऊ ने सुरू होतो, पण आपण मराठी माणसं 'कुरी' म्हणतो तेव्हा कानडी कानाला मेंढीच ऐकू येते. कारकुनाने इमानदारीत लिहिलं: मेंढी, एक. आज्जा सही करून घरी आले. सहा महिन्यांनी मधल्या आजोबांनी कुरी ओढून नेली, आणि कागद काढला तर त्यात आमच्या वाट्याला मेंढी. आमच्या घरात कधी मेंढीच नव्हती. कुरी परत आली नाही. चाडं मात्र आज्जीने आधीच काढून घेतलं होतं, त्यात ती मीठ ठेवायची, भोकांना खालून कापडाचे बोळे लावून.

दर पेरणीला कुरीची पूजा होते, तीही लक्षात घ्या: फणांना हळद-कुंकू, नारळ, मग पहिली मूठ. आज्जी कुरी गेल्यावर काही वर्षं त्या मिठाच्या चाड्यालाच कुंकू लावायची. मधल्या जाऊबाईंना ते अंगणातून दिसावं, असंही त्यात असणार.

तर तुमच्या चाड्याकडे. चार भोकं म्हणजे चार फणांची कुरी, आत्यांना विचारा. लाकूड बाभळीचं आहे की सागाचं ते पाहा, आणि वरून व्हार्निश लावू नका. गोडं तेल चोळा, पुरे. माळ्यावर अजून शोधा, वेळूच्या नळ्या वाशांना अडकवून ठेवायची पद्धत होती. भोकांच्या आतली कड हाताला खडबडीत लागली तर चाडं नवं, फार पेरलेलं नाही. गुळगुळीत लागली तर त्यातून किती पावसाळे गेले ते आत्याच सांगतील. आणि त्या 'कुरी' म्हणतात की 'कुरगी', तेवढं नीट कान देऊन ऐका आणि मला कळवा. धारवाडच्या मित्राला तिसऱ्यांदा विचारायचं आहे.