दर दुरुस्त करताना सौद्याची वेळ बदलू नये म्हणून

सांगलीच्या हळद सौद्यांच्या तक्त्यात केवळ दर दुरुस्त केला, तरी सौद्याची वेळही आजची का होते, असे आपण विचारले आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये, वेगळे काही सांगितले नसल्यास, तक्त्यातील पहिल्या टाइमस्टॅम्प (तारीख-वेळ ठेवणाऱ्या) रकान्याला ‘ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प’, म्हणजे ओळ बदलताच तिथे चालू वेळ भरण्याचा गुण, आपोआप चिकटतो, आणि आवृत्ती बदलली तरी जुन्या तक्त्यांवरून तो निघत नाही. तात्पुरते, दर बदलणाऱ्या अपडेटच्या आज्ञेत ‘सौदा_वेळ = सौदा_वेळ’ असेही लिहावे, म्हणजे जुनी वेळ तशीच राहते. माझ्या मते मात्र ऑल्टर टेबल या तक्त्याची रचना बदलणाऱ्या आज्ञेने तो गुण काढून फक्त ‘डिफॉल्ट करंट टाइमस्टॅम्प’ (नवी ओळ भरतानाच चालू वेळ घालणे) ठेवावा आणि दुरुस्तीच्या वेळेसाठी ‘ऑन अपडेट’चा गुण असलेला निराळा रकाना करावा (होता तोच दर पुन्हा लिहिला, तर तीही वेळ हलत नाही). आधीच पुसल्या गेलेल्या वेळा बॅकअपमधून किंवा सौद्याच्या कागदी पट्टीवरून भराव्या लागतील.