‘रिस्टोअर’ला ‘पुनर्संचयित’ नको

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाची विचारणा: उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर स्नॅप ॲपचा (‘स्नॅप’ पॅकेजमधून इन्स्टॉल केलेल्या ॲपचा) सेव्ह केलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्याच्या डेटाची त्या वेळची प्रत, कमांड लाइनवरून (कमांड टाइप करून) कसा रिस्टोअर करायचा, हे मराठीत लिहितो आहे. तिथे ‘पुनर्संचयित करणे’ चालेल का?

नाही चालणार. मोबाइल उघडावा तिथे हा शब्द दिसतो आणि दर वेळी डोकं उठतं. ‘पुनः’पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं तरच विसर्गाचा र् होतो: पुनर्जन्म, पुनर्विवाह. पुढे स असेल तर विसर्ग तसाच राहतो. म्हणजे संधी चुकलेला. अर्थही चुकलेला, कारण संचय म्हणजे साठवणं, आणि स्नॅपशॉट तर आधीच साठवलेला आहे.

साठवून सांभाळण्याला आपल्याकडे ‘जतन’ आहे. मूळ संस्कृत ‘यत्न’. आरंभीचा य प्राकृतात ज झाला: यात्रेची जत्रा (आंगणेवाडीची धरून), यंत्राचं जातं, यज्ञोपवीताचं जानवं. हिंदीत ‘जतन’ म्हणजे अजून प्रयत्नच. मराठीत मात्र सांभाळ. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलात की ‘जतनाय घे’, म्हणजे काळजी घे. प्रयत्नाचा सांभाळ कसा झाला? माझं मत ठाम आहे: किनाऱ्याच्या दमट हवेने हा अर्थ पक्का केला. फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी ठेवायच्या तर लाल मातीत घोळवा, वाळवा, अधूनमधून काढून बघा. इथे ठेवणं हाच यत्न. ‘जतन’ला अपभ्रष्ट म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी आपले विसर्ग तपासावेत.

राहिला रिस्टोअर. ‘पूर्ववत करा’ हे मराठी मेन्यूंत अन्डूसाठी (नुकतीच केलेली कृती मागे घेण्यासाठी) रुळलंय, तेव्हा तेही नको. सरळ ‘परत आणणे’ लिहा: ‘स्नॅप सेव्ह्ड’ चालवून जतन केलेल्या स्नॅपशॉटचे क्रमांक पाहा, मग ‘स्नॅप रिस्टोअर’पुढे हवा तो क्रमांक देऊन डेटा परत आणा. डेटाच म्हणा, ॲप नव्हे. ॲप काढून टाकलं असेल तर ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. सध्याचा डेटा जाऊन त्या जागी जुना येतो, हेही ठळक लिहा. आणि ॲप काढताना आपोआप होणारा स्नॅपशॉट, सेटिंग बदललं नसेल तर, ३१ दिवसच राहतो.