‘मौलिक’ कथेला मूळ असते

प्रश्न असा आला आहे : एका कथास्पर्धेच्या पत्रकात ‘कथा मौलिक असावी’ अशी अट आहे. प्रश्नकर्तीची कथा काऊ-चिऊच्या गोष्टीवर बेतलेली आहे. मुसळधार पावसाच्या रात्री एक शेजारीण दार ठोठावते आणि आतली बाई ‘थांब, बाळाला अंघोळ घालते’, ‘थांब, बाळाला तीट लावते’ असे सांगत राहते, एवढा तिचा सांगाडा. ही कथा मौलिक ठरेल का, आणि मुळात या शब्दाचा अर्थ काय?

या शब्दाची मराठीत जी ओढाताण चालली आहे, ती ऐकून मी अनेक वर्षे अस्वस्थ होत आलो आहे. ‘प्रमुख पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केले’ हे वाक्य प्रत्येक समारंभाच्या वृत्तांतात असते, आणि तेथे लिहिणाऱ्याच्या मनात ‘मौल्यवान’ हा शब्द असतो. स्पर्धेच्या पत्रकातला ‘मौलिक’ मात्र हिंदीतून जसाच्या तसा उचललेला आहे. हिंदीत ‘मौलिक कहानी’ म्हणजे दुसऱ्या कोणाची नसलेली कहाणी, आणि ‘मौलिक अधिकार’ म्हणजे आपण ज्यांना मूलभूत हक्क म्हणतो ते. मराठीत भाषांतराहून वेगळ्या लेखनासाठी ‘स्वतंत्र’ हा निर्मळ शब्द रुळलेला असताना ही उसनवारी करण्याचे कारण मला दिसत नाही.

‘मौलिक’चा आणि मूल्याचा काहीच संबंध नाही, असे ठासून सांगणारे शुद्धलेखनाचे कैवारीही येथे चुकतात. ‘मूल्य’ हा शब्द ‘मूल’ यावरूनच होतो, हे संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी याने ४.४.९१ या सूत्रात सांगून ठेवले आहे. तेथे मूल म्हणजे व्यापारात घातलेले भांडवल, आणि त्या आधारावर जे मिळवायचे ते मूल्य. आपल्या ‘मुद्दल’ शब्दातही हेच आहे, असे माझे मत आहे. तमिळमध्ये ‘मुदल’ म्हणजे आरंभ, आणि मुदल म्हणजेच भांडवल; आपले मुद्दल मी त्याच कुळातले मानतो. झाडाचे मूळ, गोष्टीचा आरंभ आणि व्यापाऱ्याची रक्कम या तिन्ही गोष्टी दोन वेगळ्या भाषाकुळांनी एकाच नजरेने पाहिल्या, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तरीही नात्यातले शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मार्गदर्शन मौल्यवान असू शकते. ते मौलिक ठरायचे तर त्याने मुळाला हात घालायला हवा.

परंतु या शब्दाची खरी गोडी पाणिनीच्या दुसऱ्या एका सूत्रात आहे. ‘तद्धरति वहत्यावहति भाराद्वंशादिभ्यः’ (५.१.५०) हे सूत्र ओझे वाहणाऱ्यांची नावे कशी होतात, ते सांगते. वंशादिगणात, म्हणजे ‘वंश’पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या यादीत, वंश (बांबू), कुटज, बल्वज यांच्या पाठोपाठ ‘मूल’ येतो. बांबूंचा भारा वाहतो तो वांशिक, तसा मुळांचा भारा वाहतो तो मौलिक. आता सूत्रातल्या तीन क्रियापदांवर काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका काय म्हणते ते पाहावे : हरति म्हणजे दुसऱ्या देशी पोहोचवतो किंवा चोरतो, वहति म्हणजे उचलून धरतो, आवहति म्हणजे उत्पन्न करतो. चोरणारा, पेलणारा आणि निर्माण करणारा अशा तिघांनाही व्याकरणाने एकच नाव दिले आहे. लेखकाच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला कोणत्याही समीक्षाग्रंथात आढळलेले नाही. सूत्रकाराच्या डोळ्यांसमोर लेखक नव्हता, रानातून मुळ्या आणणारा माणूस होता, हे मला ठाऊक आहे. तरीही पुढच्या साहित्यशास्त्राने नेमका ‘हरण’ हाच शब्द उचलला, हा मी निव्वळ योगायोग मानत नाही.

इसवी सन ९००च्या आसपास होऊन गेलेल्या राजशेखर या संस्कृत कवीने ‘काव्यमीमांसा’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात या हरणावर सलग अध्याय लिहिले. अकालजलद या आपल्या पूर्वजाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणणारा हा कवी आपल्याला परका नाही. त्याचा ‘नास्त्यचौरः कविजनः’ हा चरण आज उचलेगिरीचे समर्थन म्हणून वारंवार पुढे केला जातो. चोर नाही असा कवीच नाही, एवढे वाचून मंडळी थांबतात. पण तो तेथे थांबत नाही. दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ आपल्या रचनेत घेणे याला हरण म्हणून तो त्याचे सरळ दोन भाग करतो, टाकण्याजोगे आणि स्वीकारण्याजोगे, आणि इतर चोरी काळाबरोबर झिजते, पण वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत झिजत नाही, हे कठोर मतही नोंदवतो. अर्धा श्लोक सांगून त्याला चोरांचा वकील करणे हा अन्याय आहे. ‘आपल्याकडे स्वतंत्र निर्मितीची कल्पनाच नव्हती, ती इंग्रजांबरोबर आली’ असे लिहिणाऱ्या अभ्यासकांचेही मला नवल वाटते. त्यांनी वामन या जुन्या काव्यशास्त्रकाराचा ग्रंथ उघडून पाहिलेला नसावा, कारण त्याने काव्यातल्या अर्थाचे अयोनी आणि अन्यच्छायायोनी असे दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत : ज्याचा उगम कवीबाहेर नाही तो, आणि दुसऱ्याच्या छायेतून जन्मलेला तो.

म्हणजे पूर्णपणे अपूर्व अशा कल्पनेला ‘अयोनी’ हा शब्द होताच. ‘मौलिक’ त्याहून वेगळा आहे. अयोनीला मूळ नसते, मौलिकाजवळ ते असते.

राजशेखराच्या आधीच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने दोन काव्यांतल्या साम्याचे तीन प्रकार मानले होते : आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी माणसांतल्या सारखेपणासारखे, पहिली दोन त्याज्य, तिसरे चालेल. राजशेखराने चौथा प्रकार जोडला आणि तेथे तो आनंदवर्धनाच्या पुढे गेला, असे मी निःशंकपणे म्हणतो. तो प्रकार परपुरप्रवेशाचा, योग्याने दुसऱ्याच्या शरीरात शिरावे तसा. त्याची व्याख्या ‘मूलैक्यं यत्र भवेत्’ अशी सुरू होते : मूळ एक, पण भोवतालची सगळी बांधणी दूरवर निराळी. आणि असे काव्य सुकवींनी चिंतावे, असा त्याचा निर्वाळा आहे. ज्या ‘मूल’ शब्दासाठी मी हा सारा प्रवास केला, तो येथे व्याख्येच्या पहिल्याच पदात उभा आहे.

आपल्या नाट्यशास्त्राने तर ‘नाटक’ या प्रकाराला प्रख्यात, म्हणजे लोकांना आधीच ठाऊक असलेले, कथानक आवश्यक मानले आणि कविकल्पित कथानक ‘प्रकरण’ या दुसऱ्या नाट्यप्रकाराकडे सोपवले. महाभारताच्या आदिपर्वातल्या शकुंतलेच्या कथेत दुर्वासाचा शाप नाही आणि हरवलेली अंगठीही नाही. तेथे दुष्यंत ओळखूनही तिला नाकारतो. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली आणि एका राजाच्या कपटाची कथा विस्मरणाची कथा झाली. उलट प्रकरणाचे आदर्श उदाहरण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्या ‘मृच्छकटिका’चे पहिले चार अंक भासाच्या नावावर असलेल्या ‘चारुदत्ता’शी फार मोठ्या प्रमाणात जुळतात.

आता प्रश्नकर्तीच्या कथेविषयी. पत्रक काढणाऱ्यांना बहुधा ‘स्वतः लिहिलेली, भाषांतर किंवा रूपांतर नसलेली’ एवढेच म्हणायचे असावे, आणि त्या अर्थाने कथा पाठवायला हरकत नाही. काऊ-चिऊची गोष्ट कोणा एकाच्या मालकीची नाही. परंतु कावळ्याच्या जागी शेजारीण आणि मेणाच्या घराच्या जागी सिमेंटची खोली एवढाच बदल असेल, तर ते चित्रासारखे साम्य आहे आणि कथा अजून हरणाच्याच पायरीवर आहे. अंघोळ, तीट ही लांबण त्या बाईला का लावावी लागते, दाराच्या आत तिला कशाची भीती आहे, हे कथेत आले, तर मूळ तेच राहून बांधणी निराळी होईल. आजीच्या गोष्टीत चिमणीला असे कारण कधीच विचारले गेले नाही; ती जागा आपल्यासाठी मोकळी आहे.