वाचकांचे प्रश्न : स्पेनच्या रानवाटा आणि माउंटन बाइक

स्पेनच्या ग्रामीण भागातील माउंटन बाइकच्या वाटांची ओळख करून देणारा लेख आम्ही मागील अंकात प्रसिद्ध केला होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रे मराठवाड्यातील आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : बालाघाटाच्या घाटरस्त्यांवर आणि मुरमाड गाडवाटांवर माउंटन बाइक चालवण्याचा मला बऱ्यापैकी सराव आहे. स्पेनमध्ये दहा-बारा दिवस मिळाले, तर कोणता भाग निवडावा? सगळे पिरेनीज पर्वताचेच नाव घेतात. (एक अभियंता, अंबाजोगाई)

पिरेनीजचे नाव सगळे घेतात, ते उगीच नाही. उएस्का प्रांतातील आइन्सा या मध्ययुगीन गावाच्या भोवतीचा ‘सोना सेरो’ नावाचा वाटांचा पट्टा माउंटन बाइकवाल्यांमध्ये जगभर प्रसिद्ध आहे. एका डोंगरी गावाहून दुसऱ्या गावाला खेचरांवरून माल नेण्याच्या ज्या दगडी पायवाटा होत्या, त्या विसाव्या शतकात गावे रिकामी होत गेल्यावर झुडपांखाली गेल्या आणि पुढे स्थानिक सायकलस्वारांनी त्या साफ करून पुन्हा चालत्या केल्या. मात्र या वाटा तीव्र उताराच्या, सुट्या दगडांच्या आणि अरुंद वळणांच्या आहेत. सायकलला पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असेल आणि मुक्काम एकाच गावी ठेवून रोज मोकळ्या सायकलने फिरायचे असेल, तरच तेथे जावे.

आपल्या सरावाचे स्वरूप पाहता आमचा कौल तेरुएल प्रांताला आहे. तेरुएल, ग्वादालाहारा आणि कुएन्का या प्रांतांच्या सीमा जेथे भिडतात, त्या पठारी डोंगराळ मुलखातून ‘मोन्तान्यास वासियास’ हा सुमारे 700 किलोमीटरचा वळसा जातो. या नावाचा अर्थ ‘रिकामे डोंगर’ असा आहे आणि तो अक्षरशः खरा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मराठवाड्यात दर चौरस किलोमीटरला 290 च्या आसपास माणसे राहतात, तर तेरुएल प्रांतात ती दहाही भरत नाहीत. वाट बहुतांशी जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यांची आहे. चढ लांबलचक पण बसून मारता येण्याजोगे आहेत आणि पाइनच्या वनातून मैलोन्‌मैल एकही मोटार भेटत नाही. आयबेरियन द्वीपकल्पातील सर्वांत लांब नदी ताहो ही याच भागातील मोन्तेस उनिवेर्सालेस डोंगरांत उगम पावते. दहा-बारा दिवसांत पूर्ण वळसा घालायचा, तर रोज साठ-सत्तर किलोमीटर पडतील. सामान लादून डोंगरात हे अंतर कमी नाही, त्यामुळे अर्धाच भाग निवडून सावकाश करणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

तेथे जेवणाचे आणि थंडीचे नियोजन मात्र काटेकोर हवे. गावातील एकमेव दुकान दुपारी दोनच्या सुमारास बंद होते ते पाचनंतर उघडते, आणि रविवारी उघडेलच असे नाही. म्हणून एका दिवसाची शिदोरी कायम जवळ बाळगावी. बहुतेक गावांत सार्वजनिक झरा असतो, पण त्यावर ‘आग्वा नो पोताब्ले’ असे लिहिलेले असल्यास ते पाणी पिऊ नये. याच तेरुएल प्रांतातील कालामोचा येथे डिसेंबर 1963 मध्ये उणे 30 अंश तापमान नोंदले गेले होते. मे किंवा ऑक्टोबरमध्ये दिवसा ऊन असले, तरी रात्री पाणी गोठू शकते, हे लातूर-बीडच्या हिवाळ्याची सवय असलेल्या माणसाने नीट लक्षात घ्यावे.

प्रश्न : आम्ही उभयता साठीच्या पुढचे आहोत. मी रेल्वेतून निवृत्त झालो. जुन्या लोहमार्गांवरून सायकलवाटा काढल्या आहेत, असे आपण लिहिले होते. आमच्या वयाला त्या झेपतील का? (एक वाचक, लातूर)

निश्चित झेपतील, आणि आपल्याला त्या इतर कोणाहीपेक्षा अधिक कळतील. बंद पडलेल्या लोहमार्गांचे ‘व्हीया व्हेर्दे’ म्हणजे हिरव्या वाटांमध्ये रूपांतर करण्याचा कार्यक्रम स्पेनमध्ये 1993 साली सुरू झाला आणि आज अशा वाटांची एकूण लांबी 3,000 किलोमीटरच्या पुढे गेली आहे. आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, या एकाच कारणाने येथील चढ-उतार अतिशय सौम्य असतात.

आपण दक्षिण स्पेनच्या आन्दालुसिया प्रदेशातील ‘व्हीया व्हेर्दे दे ला सिएर्रा’ निवडावी. ओल्व्हेरा ते पुएर्तो सेर्रानो हे अंतर 36 किलोमीटर आहे आणि त्यात 30 बोगदे व 4 मोठे पूल लागतात. विशेष म्हणजे या मार्गावरून कधीही आगगाडी धावली नाही. 1920 च्या दशकात काम सुरू झाले, बोगदे खोदले गेले, स्थानके उभी राहिली आणि पुढे सारे काम अर्धवट राहिले. आज त्या स्थानकांत उपाहारगृहे आणि मुक्कामाच्या सोयी आहेत. ओल्व्हेरा उंचावर असल्याने तेथून निघावे, म्हणजे एकंदर कल उताराचा राहील. बोगद्यांसाठी पुढचा आणि मागचा दिवा सोबत असू द्यावा. वाटेत साफ्रामागोन नावाचा एक उभा कडा येतो, त्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. तेथे थांबून दुर्बिणीतून पाहण्यासाठी तासभर राखून ठेवावा. आपल्याकडे गिधाडे जवळजवळ दिसेनाशी झाली असताना ती डोक्यावर घिरट्या घालताना पाहणे हा अनुभव सोडू नये.

लातूर-कुर्डुवाडी नॅरोगेज आपण पाहिलेली असणारच. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिवकडून वळवला गेला आणि जुनी वाट काही ठिकाणी बाजूला पडली. येडशीच्या परिसरात तिच्यावर अशी एखादी सायकलवाट व्हावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : आमच्या शिवारातील पाणंद रस्ते दोन्ही बाजूंच्या शेतांनी गिळले. नकाशात तेहतीस फूट, प्रत्यक्षात बैलगाडी जात नाही. स्पेनमध्ये शेताशेतांतून जाणाऱ्या वाटा शिल्लक कशा राहिल्या? (एक शेतकरी, पाटोदा, जि. बीड)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण माउंटन बाइकच्या कितीतरी वाटा मुळात मेंढरांच्या वाटा आहेत. उन्हाळ्यात लेओन आणि सोरियाच्या डोंगरांत व हिवाळ्यात एक्स्त्रेमादुराच्या उबदार कुरणांत, अशी मेंढ्यांची ये-जा तेथे शतकानुशतके चालत आली. राजा दहावा आल्फोन्सो याने 1273 साली मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला मान्यता दिली आणि त्यांच्या वाटांना संरक्षण मिळाले. या वाटांच्या रुंदीचा दर्जा ठरलेला आहे: कान्यादा म्हणजे राजमार्ग जास्तीत जास्त 75 मीटर, कोर्देल 37.5 मीटर आणि व्हेरेदा 20 मीटर. मेंढरांनी चरत चरत पुढे जावे, उभ्या पिकात शिरू नये, यासाठी ही रुंदी आहे. पिकाची कापणी झाली की शेतात मेंढरे बसवणाऱ्या आपल्या धनगर बांधवांना तिचे मोल सांगावे लागणार नाही.

मेस्ता 1836 साली बरखास्त झाली, रेल्वे आणि ट्रक आले, आणि अतिक्रमणे तेथेही झाली. कित्येक कान्यादा आज डांबराखाली किंवा नांगराखाली गेल्या आहेत. तरीही 1995 च्या तिसऱ्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. त्या विकता येत नाहीत, जप्त करता येत नाहीत, आणि कोणी कितीही वर्षे वहिवाट केली तरी त्यावर मालकी सांगता येत नाही. सरकारने मोजणी करून हद्दीचे दगड रोवायचे, आणि गुरांची वाट मोकळी राहील अशा बेताने पायी, घोड्यावरून किंवा बिनइंजिनाच्या वाहनाने जाण्यास मुभा द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. सायकलस्वाराला जो हक्क मिळतो, तो येथून मिळतो. हा हक्क लोकांच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून 1994 पासून शरद ऋतूत माद्रिद शहराच्या मधोमध मेंढरांचा कळप नेला जातो आणि 1418 च्या कराराप्रमाणे हजार मेंढ्यांमागे 50 माराव्हेदी (एक जुने स्पॅनिश नाणे) हा जुना कर प्रतीकरूपाने महापालिकेला दिला जातो.

आपल्या पाणंदीबद्दल म्हणाल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते. गावनकाशाची प्रत जोडावी आणि शक्यतो त्या वाटेवरील सर्व शेतकऱ्यांनी मिळून अर्ज करावा.

प्रश्न : सायकल रानात घातली की सराटे आणि बाभळीचे काटे टायर फोडतात. स्पेनमध्ये हा त्रास आहे का? (एक विद्यार्थी, परभणी)

आहे, आणि काटाही तोच आहे. आपल्या बांधावर पसरणारी सराट्याची वेल भूमध्य सागराभोवतालच्या कोरड्या मुलखातही तशीच उगवते. यावर उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव. काटा उपटल्यावर भोक खालच्या बाजूला येईल असे चाक फिरवून थोडे थांबावे, म्हणजे द्रव तेथे साचून भोक बुजते. उन्हाच्या दिवसांत हा द्रव लवकर सुकतो, म्हणून निघण्यापूर्वी तो नव्याने भरावा. ट्यूब घालण्याची वेळ आलीच, तर आधी टायरच्या आतून जुन्या सुती फडक्याचा बोळा फिरवावा. जेथे धागा अडकेल, तेथे काट्याचे टोक आहे असे समजावे.

परभणीच्या काळ्या जमिनीतून पावसानंतर सायकल नेण्याचा प्रयत्न तुम्ही केला असेलच. उत्तर स्पेनमधील लोग्रोन्यो शहराच्या आसपास आणि मध्य स्पेनच्या मेसेता पठारावर तशीच चिकण माती आहे. चाक आणि फ्रेम यांच्या मधे चिखल थापला गेला की पायडल जोराने मारू नये, कारण मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, मोडतो. सायकल उचलून गवतावर घ्यावी आणि काडीने चिखल काढावा. हँगर सायकलच्या मॉडेलप्रमाणे वेगळा असतो आणि खेड्यातील दुकानात मिळत नाही, म्हणून एक जादा हँगर येथूनच घेऊन जावा.

प्रश्न : मी एकटी जाण्याचा विचार करते आहे. व्हिसा, हंगाम आणि वाटेवरचे धोके यांविषयी थोडक्यात सांगाल का? (एक प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर)

शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा आहे आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आन्दालुसियात मार्च ते मे, उत्तरेत मे-जून किंवा सप्टेंबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत पारा चाळिशी ओलांडतो.

वाटेवरच्या खुणा जाण्यापूर्वीच पाठ कराव्यात. तांबडा-पांढरा पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट, पिवळा-पांढरा म्हणजे मध्यम, आणि दोन पट्ट्यांची फुली दिसली तर ती वाट आपली नव्हे. त्या मुख्यतः चालणाऱ्यांच्या वाटा आहेत, तेव्हा माणूस दिसताच वेग कमी करून त्याला आधी जाऊ द्यावे. ओकच्या कुरणांतून जाताना फाटके लागतात. जे बंद असेल ते उघडून पुन्हा बंद करावे. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत शिकारीचा हंगाम असतो. शिकारीच्या दिवशी वाटेवर तशी पाटी लावलेली दिसल्यास दुसरी वाट धरावी. शहराबाहेर शिरस्त्राण घालणे कायद्याने बंधनकारक आहे.

लांडग्यांच्या मुलखात मेंढरांबरोबर मास्तीन जातीचे प्रचंड कुत्रे असतात. सायकल वेगाने कळपाजवळ आली की ते धावून येतात, आणि त्यांचे कामच ते आहे. अशा वेळी पळ काढू नये. खाली उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरावी, मेंढपाळ दिसत असल्यास त्याला हाक द्यावी आणि कळपाला लांबून वळसा घालून पायी पुढे जावे. दुखापत झालीच, तर 112 हा क्रमांक सर्वत्र चालतो. मात्र डोंगरदऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून आज कोणत्या गावी पोहोचणार आहोत हे सकाळी निघताना मुक्कामाच्या घरी सांगून ठेवावे.