चिनी भाषेतलं 'ती-च्र' हे क्रियापद नेमकं कुठे वापरायचं?

तुमची अडचण अशी, की कोशात 'ती-च्र'पुढे विरोध, प्रतिकार आणि बहिष्कार असे तिन्ही अर्थ दिलेत. मीही एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या सहाव्या पातळीच्या शब्दयादीत इथेच अडकलो होतो.

आधी उच्चार. रोमन स्पेलिंग (dizhi) बघून आपण 'डीझी' म्हणतो, ते चूक. पहिला वर्ण आपल्या 'त'च्या जवळचा, दुसरा जीभ मागे वळवून काढलेला 'च'. चिनीतल्या चार सुरांपैकी पहिल्या अक्षराचा सूर तिसरा, दुसऱ्याचा चौथा.

पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला 'हात' आहे, दुसऱ्यात आवर घालण्याचा भाव. येणारी गोष्ट हाताने थोपवायची. मला मराठीत सगळ्यात जवळचं वाटतं ते 'थारा न देणे'. माल, अफवा, वाईट चालीरीती, मोह, यांपैकी कशालाही थारा न देणं म्हणजे ती-च्र. शत्रूचं सैन्य चालून आलं तर मात्र 'ती-खांग', आणि डोक्यावर बसलेल्या जुलमी सत्तेविरुद्ध उठायचं तर 'फान-खांग'.

चिनी मोबाइल गेम उघडलात तर सुरुवातीलाच सूचना दिसते: 'ती-च्र पू-ल्यांग योउ-शी, च्यू-च्युए ताओ-पान योउ-शी'. वाईट खेळांना थारा देऊ नका, चोरीच्या प्रती नाकारा. 'च्यू-च्युए' हा साधा नकार. ती-च्रमध्ये भूमिका असते, बहुतेकदा चार लोकांसोबत घेतलेली.

ही भूमिका मी एकदा विसरलो. चिनी मध्य-शरद सणात मूनकेक हा गोड पदार्थ समोर आला, वजनाच्या भीतीने 'मी मूनकेकला ती-च्र करतो' म्हणालो, तर शिक्षिका हसून विचारते, 'मोर्चा कधी काढताय?' तिथे 'रन-चू', म्हणजे मोह आवरणं, पुरेसं होतं.

बहिष्काराचा अर्थ जुनाच. चिनी मजुरांना बंदी घालणाऱ्या अमेरिकी कायद्यांविरुद्ध 1905 मध्ये शांघायच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकी माल नाकारला. (त्याच वर्षी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली.) 1919 च्या चार मे या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या चळवळीत जपानी मालाची पाळी आली, 'ती-च्र र-ह्वो', जपानी मालावर बहिष्कार, ही जोडी अजून कानावर पडते.

आपली हमखास चूक होते ती त्या 'मालावर'मधल्या 'वर'मुळे. तो चिनीत आणायला म्हणून आपण आधी 'त्वेय' ('-च्या बाबतीत') लावतो. गरज नाही, क्रियापदापुढे थेट कर्म ठेवा. आणि 'बहिष्काराला तोंड द्यावं लागलं' म्हणायचं असेल तर 'त्साओ-ताओ ती-च्र'. बातम्यांत हे रूप सारखं भेटतं, तेव्हा तेही पाठ करून ठेवा.