हवा निवडताना

पुणे, मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सिंगापूर की डब्लिन, पगार दोन्हीकडे जवळपास सारखा, काम दोन्हीकडे तुझ्या आवडीचं, आणि गाडी अडली आहे ती हवेवर. तू लिहितेस, "मला उकाडा सोसत नाही, थंडी आवडते, म्हणजे डब्लिनच." घरचे म्हणतात, हवेचं काय एवढं, सवय होते. मला दोन्ही पटलं नाही. ज्या हवेत रोज उठायचं, कामाला जायचं आणि झोपायचं, ती किरकोळ बाब नसते. पण तुझा निकालही घाईचा आहे. तू ज्या उकाड्याला वैतागतेस तो पुण्याचा, आणि ज्या थंडीसाठी वर्षभर झुरतेस तीही पुण्याचीच. यातलं काहीच तुला तिकडे भेटणार नाही.

आधी उकाड्याचं बघू. आत्ता दुपारचा पारा ३८ च्या पुढे आहे, स्कार्फ आणि सनकोटाशिवाय गाडीवर निघायची सोय नाही. पण ही हवा कोरडी आहे. तू ट्रेनी असताना प्लँटरूमच्या, म्हणजे एसीच्या मोठ्या यंत्रांच्या खोलीच्या, दारात तुला दोन थर्मामीटरचा तो खुळखुळा फिरवायला दिला होता, आठवतं? एकाच्या टोकाला ओलं मलमलीचं कापड. शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या आवारातही ही कोरडी-ओली जोडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत शेजारी शेजारी असते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, ते हे ऑफिस. तो खुळखुळा फिरवताना तुला सांगितलं होतं की कोरडा पारा हवेचं सांगतो आणि ओला पारा आपल्या घामाने भिजलेल्या कातडीचं. आता हिशेब कर. मे महिन्याची दुपार, ३८ अंश, आर्द्रता २० टक्के, तर ओला पारा २१ च्या आसपास. सिंगापूरची दुपार, ३१ अंश, आर्द्रता ७० टक्के, तर ओला पारा २६ च्या वर. कोरड्या पाऱ्यावर तू सात अंश खाली आलीस आणि घाम मात्र वाळेना. पुण्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो, माठातलं पाणी गार होतं, आणि मुंबईत तोच कूलर लावला की खोलीत नुसती दमट वाफ होते, ते याच कारणाने.

तिथल्या उकाड्याचा स्वभावही निराळा. वर्षभर दिवसा ३१-३२, रात्री २४-२५. कातडी भाजणारा एप्रिल नाही, लू नाही. पण आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा पहाटे गच्चीवर जी झुळूक येते, तीही नाही. आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर जो जीव सुखावतो, तसं तिथे होत नाही, कारण पाऊस बाराही महिने येतो, वर्षाला २,००० मिलीमीटरच्या वर. शरीर मात्र उष्णतेला लवकर सरावतं. रोज थोडं बाहेर फिरलीस तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, धाप कमी लागते. थंडीच्या बाबतीत शरीर इतकं बदलत नाही. तिथे सगळी भिस्त कपड्यांवर आणि घरावर.

आता तुझी लाडकी थंडी. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे ११-१२ अंश, आणि दुपारी लख्ख उन्हात २९. मफलर गुंडाळून टेकडीवर जायचं, नऊ वाजता स्वेटर काढून कमरेला बांधायचा, रविवारी हुरड्याला जायचं. ही थंडी नव्हेच, उन्हाळ्याने घेतलेली सुट्टी आहे. शास्त्राच्या हिशेबाने, वर्षातला सर्वांत गार महिना सरासरी १८ अंशांच्या खाली जात नसेल तर ते ठिकाण उष्णच धरतात. आपला डिसेंबर-जानेवारी त्या रेषेच्या वरच राहतो.

डब्लिनचा जानेवारी म्हणजे दिवसा आठ, रात्री दोन अंश. बर्फ क्वचित. अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह आयर्लंडला सांभाळतो, नाहीतर ५३ अक्षांशावर त्याचं काही खरं नव्हतं. उन्हाळ्यात कमाल १९-२० अंश. सौम्य म्हणतात ते अगदी खरं आहे. पण पावसाकडे बघ. पुण्यात आणि डब्लिनमध्ये वर्षाला पडणारं पाणी जवळपास सारखंच, ७०० ते ८०० मिलीमीटर. आपण ते मुख्यतः चार महिन्यांत उरकतो आणि मग आकाश मोकळं करतो. त्यांचं तेवढंच पाणी बारा महिने रिमझिमत राहतं, वाऱ्याबरोबर, छत्रीला न जुमानता. आठ अंशांच्या ओल्या वाऱ्यात तुझी पुण्यातली जॅकेटं उपयोगाची नाहीत. वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं चांगलं जॅकेट तिथेच घे, आणि त्यात पैसे वाचवू नकोस.

तापमानावर मी इतकं लिहिलं, तरी माझ्या मनात खरी काळजी उजेडाची आहे. तुझ्या पत्रात उजेडाचा उल्लेखच नाही.

पुण्यात सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. जन्मापासून एवढाच फरक पाहिल्यामुळे आपण उजेड गृहीत धरतो. सिंगापूरला तर सूर्य बारा महिने सकाळी सातच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला मावळतो. डब्लिनला २१ डिसेंबरला तो सकाळी पावणेनऊच्या थोडं आधी वर येतो आणि चार वाजून काही मिनिटांनी जातो. साडेसात तास, तेही बहुतेक ढगांआडून. तू अंधारात ऑफिसला जाशील आणि अंधारात परत येशील, असे आठवड्यांमागून आठवडे. हिवाळ्यात उजेड घटला की काही माणसांची झोप वाढते, गोडाची ओढ वाढते, मन खचतं. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली याचं रीतसर वर्णन केलं, आणि सकाळी तेजस्वी दिव्यासमोर बसणं हा त्यावरचा उपाय तिकडे सर्रास वापरतात. हा मनाचा दुबळेपणा समजू नकोस. शेजारच्या ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा सल्ला सगळ्यांनाच देते, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर त्याची जास्तच गरज.

याची दुसरी बाजूही खरी आहे. जूनमध्ये डब्लिनला रात्री दहाला सूर्य मावळतो. ऑफिस सुटल्यावर चार-पाच तास उजेड उरतो, समुद्रकाठी चालता येतं, अंगाला घाम नाही. तसं सुख सिंगापूरमध्ये कुठल्याच महिन्यात नाही. ज्यांना ऋतू हवे असतात, झाडांची पानं झडताना आणि फुटताना पाहायची असतात, त्यांनी डब्लिन जरूर निवडावं.

पण मी तुला ओळखतो. ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन पडलं नाही की तू गप्प होतेस, डबा अर्धा परत नेतेस आणि एरवी होत नाहीत त्या चुका ड्रॉइंगमध्ये करतेस. आणि ऊन पडलं की त्याच दिवशी वेताळ टेकडीवर जाऊन येतेस. मे महिन्यात तू चिडतेस, कुरकुरतेस, पन्ह्याचे ग्लास रिचवतेस, पण खचत नाहीस. म्हणून माझा सल्ला सिंगापूरचा. उकाड्यावर उपाय विकत मिळतात, तू स्वतः एसीच्याच धंद्यातली आहेस. तिथे संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या सामायिक जागेत, उघड्यावर बसून माणसं जेवतात, अर्धा रस्ता छपराखालून चालता येतो, गावाने आपला दिवस त्या हवेला धरून बसवलेला आहे. फक्त ऑफिसात स्वेटर ठेव, कारण ती माणसं एसी फार गार लावतात. चामड्याच्या चपला आणि पुस्तकं कपाटात कोंडू नकोस, बुरशी धरते.

घर बघताना पश्चिमेची भिंत टाळ. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास डोक्यावरून पूर्वेकडून पश्चिमेला जातो, त्यामुळे उत्तर-दक्षिण खिडक्यांच्या घरात ऊन कमी शिरतं आणि वरच्या मजल्यावर वारा लागतो. वीजबिलात याचा फरक दिसेल.

आणि मन डब्लिनवरच बसलं असेल, तर तेही चांगलं गाव आहे, फक्त दोन गोष्टी कर. तिथे भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ऊर्जेचा दर्जा छापावा लागतो, ए पासून जी पर्यंत. सी च्या खालचं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नकोस. जुन्या घरात हीटरचं बिल भरूनही भिंती गार राहतात, काचांवर पाणी धरतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. दुसरं, कंपनीशी बोलून रुजू व्हायची तारीख एप्रिलमध्ये घे, ऑक्टोबरमध्ये मुळीच नको. आधी लांब दिवस पाहशील, ओळखी होतील, फिरायच्या जागा कळतील. मग पहिला हिवाळा आला तरी तू एकटी नसशील.

नोकरीचं कुठलं पत्र स्वीकारतेस ते ठरलं की कळव. घर नक्की करण्याआधी नकाशा पाठव, खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते त्यावर लिही. मी बघून सांगतो.

तुझे,
सर