हंगामाच्या सणाआधी

प्रिय बाळ,

ख्रिस्तात प्रेमाचा सलाम.

तुझं पत्र मिळालं. देवळात जेमतेम वीस-पंचवीस माणसं, पेटी वाजवणारं कोणी नाही, परतीच्या पावसाने बाजरी काळी पडलेली, आणि नोव्हेंबरात हंगामाचा सण. अशा मंडळीत उपकारस्तुतीची भक्ती कशी घ्यायची, असं तू विचारलंस. माझी सगळी सेवा नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली, म्हणून जे सुचतं ते मोकळेपणाने लिहितो.

माणसं थोडी आहेत याचं वाईट वाटून घेऊ नकोस. शहरातल्या मोठ्या देवळात पाळकच सगळ्यांच्या वतीने आभार मानतो. तिथे दुसरं जमतही नाही. तुझ्याकडे प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने बोलता येईल. तेव्हा उपदेश दहा मिनिटांत आटप. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २६वा अध्याय पुन्हा वाच. पहिल्या पिकाची टोपली घेऊन शेतकरी याजकासमोर येतो. याजक ती उतरवून वेदीपुढे ठेवतो, आणि मग बोलतो तो शेतकरी. आपला पूर्वज भटका होता, मिसरात आपला छळ झाला, आपण देवाला हाक मारली, त्याने इथे आणलं, हे सगळं तो स्वतः सांगतो.

आपल्या लोकांकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं खरं, पण खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या बहुतेक गावकुसाबाहेरच्या माणसांच्या विश्वासावर. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांची पतवंडं आज शाळेत शिकवतात, दवाखान्यात नर्स आहेत. हे म्हाताऱ्या बायांना सांगू दे. त्या अडखळतील, मधेच सुनेचं गाऱ्हाणंही येईल. थांबवू नकोस.

उभं राहून बोलायला जे कचरतात त्यांच्यासाठी १३६वं स्तोत्र हाताशी ठेव. २६ वचनं आणि प्रत्येकात तेच पालुपद : ‘त्याची दया सनातन आहे.’ एकाने आपल्यावर झालेला एक उपकार सांगायचा, बाकीच्यांनी मिळून पालुपद म्हणायचं. ‘आजारी म्हैस उठून बसली.’ पालुपद. ‘पोरगी बारावी पास झाली.’ पालुपद. ज्याला वाचता येत नाही तोही यात मागे राहत नाही. पोरंसुद्धा बोलू लागतात.

पेटीची काळजी सोड. टाळ आणि ढोलकी पुरे. कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांनी अभंग-कीर्तनाच्या वळणाने आपल्याला भक्ती करायला शिकवलं. टिळक तर काही वर्षं राहुरीलाच राहत होते. भाड्याने कीबोर्ड आणून, न झेपणाऱ्या चालींची गाणी घाईने बसवण्यापेक्षा ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातली सगळ्यांना पाठ असलेली चार भजनं म्हणा.

आता बाजरीचं. तू लिहिलंस की यंदा आभार कसले मानायचे, असं एक शेतकरी तुला तोंडावर म्हणाला. त्याच्यापुढे लगेच हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडू नकोस. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी आनंद करीन, असं तिथे संदेष्टा म्हणतो. पण त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तो देवाला जाब विचारतो : मी हाक मारतो, तू कुठवर ऐकणार नाहीस? त्या शेतकऱ्यालाही तेवढी मुभा दे. सणाच्या आधी त्याच्या बांधावर जा, त्याचं ऐकून घे. काळी पडलेली कणसं घेऊन ये म्हणावं. भोपळे, गवारीच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी यांच्या शेजारी तीही वेदीपाशी ठेव आणि प्रार्थनेत त्यांचा उल्लेख कर. चांगलं पीकच तेवढं मांडायचं म्हटलं, तर ज्याचं गेलं तो त्या दिवशी घरीच बसेल, आणि मला ते फार लागतं.

भक्तीनंतर या आणलेल्या वस्तूंचा जो लिलाव होतो, तो मात्र बंद करू नकोस. नव्या पाळकांना तो बाजारी वाटतो. मला नाही वाटत. एखादा नारळ घेणारा तोच पुन्हा लिलावाला ठेवतो, दुसराही तेच करतो, आणि एकाच नारळावर देवळाच्या पत्र्याची सोय होऊन जाते. जिने चार लिंबं आणली तिची लिंबं सगळ्यांत आधी पुकार. तेव्हा बोली उत्साहाची असते. कोणी किती दिलं याची यादी भक्तीत वाचू नकोस. हिशेब त्याच दुपारी सगळ्यांसमोर वहीत मांड आणि पंचांची सही घे.

राहिलं जेवण. अनुवादाच्या त्याच अध्यायात लेवी (मंदिराची सेवा करणारे, स्वतःची जमीन नसलेले) आणि उपरी यांनाही आनंदात घ्यायला सांगितलं आहे. तुझ्या सणाच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येऊन गावाबाहेर कोप्या टाकतील. ती माणसं आपल्या मंडळीतली नाहीत, पण गावात उपरी आहेत. त्यांना जेवायला बोलाव. निरोप धाडू नकोस, स्वतः जा, आणि दिवस मावळल्यावर जा. दिवसा ती फडात असतात. लहान पोरं किती आहेत ते बघून ये, म्हणजे भात त्या बेताने घालता येईल.

तुझा,
काका